सागवानाची दारं आणि सव्वीस दिवस

मंडळी, परवा सैपाकघराच्या दारांचा फोटो टाकला आणि कमेंटचा पाऊस पडला. बहुतेकांचा प्रश्न एकच, "हे मॉड्युलर कुठून केलं?" काहींनी रेट विचारला. एका मित्राने तर "निवडणूक चांगली पावलेली दिसते पत्रकारांना" असा टोमणाही हाणला. म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना फक्त दारांचं जाणून घ्यायचंय त्यांनी अर्ध्यापर्यंत वाचा. पण उरलेलं अर्धंही वाचलं तर बरं होईल. खरं सांगायचंय ते तिथे आहे.

तर, ते मॉड्युलर नाही. ती दारं १९८८ सालची आहेत. वडील शाळामास्तर. घर बांधताना बाकी सगळीकडे हात आखडता घेतला, पण लाकूड मात्र बल्लारशाहून सागवानच आणलं. ओट्याखाली सहा दारं, वरच्या कपाटाला चार. दिल्ह्याची, जाड पट्ट्यांची. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात सागवान म्हणजे घरातला मोठा माणूस, त्याला कोणी उलटून बोलत नाही. पण त्यावर ऑइलपेंट मात्र बिनधास्त फासतात. आधी आकाशी, मग ताईच्या लग्नात क्रीम, मग माझ्या लग्नात चॉकलेटी. दर थराला दारं थोडी जाड होत गेली. शेवटी सिलेंडरजवळचं दार बंदच होईना. गुडघ्याने ढकलावं लागायचं.

बायको म्हणाली, काढून टाकू. दुकानात गेलो. मॉड्युलरचा अंदाज आला पावणेदोन लाख. घरी येऊन दोघंही गप्प. त्या रात्री एक बिजागरी बदलायला घेतली तर स्क्रूबरोबर रंगाचा एक टवका निघाला. आत मधासारखं पिवळसर लाकूड. छत्तीस वर्षं फोडणीचा धूर झेलून आत तसंच्या तसं.

आमच्याकडे १९ एप्रिलला मतदान झालं आणि निकाल होता ४ जूनला. मधले सहा आठवडे आमच्यासारख्या तालुक्याच्या पत्रकाराला काम असं नसतंच. आचारसंहिता, ना उद्घाटन ना भूमिपूजन. ठरवलं, दारं आपणच करायची. आणि गावातल्या पॉलिशवाल्या मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्रींना गावातले निम्मे लोक ओळखतात, पण नावाने कोणीच नाही. लग्नातला पलंग, देव्हारा, पतसंस्थेचं काउंटर, वाचनालयाची कपाटं, सगळ्यांवर त्यांचा हात फिरलेला. त्यांनी दारावर नख मारून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "भाऊ, माल एक नंबर हाय. वरचं मढं उतरवा फक्त." दिवसा त्यांचं एका साइटवर काम सुरू होतं. सकाळी साडेपाच ते आठ येईन म्हणाले, अर्ध्या हजेरीवर. "तुमी करा, मी दाखवतो. पूर्ण मी केलं तं तुमाले महाग पडन."

आता कामाचं. लिहून ठेवा, उपयोगी पडेल.

पहिलं, सगळी दारं उतरवा आणि मागच्या बाजूला पेन्सिलने नंबर घाला. एकसारखी दिसतात, पण एकाच्या जागी दुसरं बसत नाही. स्क्रू एका डब्यात. मग धुवा. हो, धुवा. सैपाकघरातल्या लाकडावर वर्षानुवर्षांचा तेलाचा चिकटा असतो. तो न काढता पॉलिश पेपर मारला की चिकटा निघत नाही, लाकडात घासला जातो, आणि पुढे तिथे रंग धरत नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा, फडकं, मग साधं पाणी, मग दिवसभर वाळवणं.

दुसरं, जुना रंग काढणं. इथे मी पहिली चूक केली. उत्साहाच्या भरात, मिस्त्री यायच्या आधीच, ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर घेऊन अंगणात कोरडंच घासायला बसलो. पांढरट, आकाशी भुकटी सगळीकडे. शेजारी भाचीची दोन वर्षांची मुलगी खेळत होती. सुट्टीत आलेली. ती त्या भुकटीत बोटं बुडवून फरशीवर रेघोट्या ओढत होती आणि मी मोबाइलवर तिचा फोटो काढला.

मिस्त्री आले, पाहिलं, आधी पोरीला उचलून बायकोकडे दिलं. "हात धुवा पोरीचे साबणानं. जुन्या ऑइलपेंटाची भुकटी चांगली नसते." त्यांना कारण माहीत नव्हतं, अनुभव होता. कारण मला माहीत असायला हवं होतं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्या देशात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम आला २०१६ मध्ये आणि लागू झाला त्यानंतर वर्षभराने. म्हणजे त्याआधी रंगवलेलं जे काही तुमच्या घरात आहे, खिडक्या, पाळणा, दारं, त्यात शिसं असू शकतं असंच धरून चाला. लहान मुलाच्या रक्तात शिशाचं सुरक्षित म्हणावं असं कोणतंच प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिशाबंदीच्या नियमाची बातमी मी स्वतः कधीतरी चार ओळीत छापली होती. घरच्या अंगणात मात्र आठवली नाही.

त्या दिवसापासून रंग ओला करूनच काढला. पेंट रिमूव्हर लावायचा, फुगला की पत्रीने खरवडायचा, उरलेला वॉटर पेपरने पाणी मारत. खरवड कागदात गोळा करून बांधून वेगळी. हातमोजे, मोकळी हवा, आणि मूल आसपास नको. लाकूड पूर्ण उघडं पडून वाळल्यावरच कोरडा पेपर: ८०, मग १२०, मग १८०. नेहमी रेषांच्या दिशेने. आडवा एक जरी ओरखडा राहिला तर स्टेन तिथे शिरून काळी रेघ दाखवतो.

तिसरं, स्टेन म्हणजे काय ते समजून घ्या. आपल्याकडे लोक स्टेन, पॉलिश, वॉर्निश सगळं एकच समजतात. स्टेन लाकडात मुरतो, रंग देतो, आणि रेषा दिसू देतो. पण तो राखण करत नाही. राखण वरचा थर करतो. नुसता स्टेन लावून सोडलं तर पहिल्याच पावसाळ्यात ओट्याखालच्या दारांची वाट लागते. आणि स्टेन उघड्या लाकडावरच चालतो. सनमायकावर चालत नाही, रंगावर चालत नाही. लांबी भरलेल्या जागीही तो वेगळा दिसतो, म्हणून लांबी कमीत कमी आणि लाकडाच्या रंगाची.

सागवान मुळात तेलकट. स्टेन लावण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचं. मग मागच्या बाजूला नमुना. आम्ही तीन रंग लावून पाहिले, बायकोने मधला निवडला, फिकट अक्रोडी. फडक्याने लावायचा, रेषांच्या दिशेने, आणि जास्तीचा लगेच पुसायचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. दुपारी लावला तर पुसायच्या आत वाळतो आणि पट्टे उठतात. म्हणून सूर्य वर यायच्या आत. मी चार नंबरच्या दाराला स्टेन लावला आणि नेमका एका उमेदवाराच्या माणसाचा फोन आला. अकरा मिनिटं. परत आलो तर दारावर नकाशा. मिस्त्री म्हणाले, "फोन तुमचा, दार बी तुमचं. घासा." पुन्हा पहिल्यापासून घासलं.

आणखी एक, फार महत्त्वाचं. तेलाच्या स्टेनने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. मिस्त्री प्रत्येक चिंधी दोरीवर सुटी पसरत होते, कपडे वाळत घातल्यासारखी.

शेवटी वरचा थर. जुने लोक लाखदाणा स्पिरिटमध्ये भिजवून पॉलिश करायचे. देव्हाऱ्याला त्यासारखं तेज नाही. पण लाख गरम भांड्याने मऊ पडते, पाण्याने पांढरी होते. सैपाकघराला पीयू बरं. सीलर, हलका ३२० नंबरचा पेपर, मग पीयूचे दोन हात. सगळं मिळून साहित्य साडेपाच हजारांत बसलं, मिस्त्रींची मजुरी वेगळी. पाच आठवडे सैपाकघर उघडंबोडकं होतं, तेही हिशोबात धरा.

दारांचं इथे संपलं. आता पुढचं.

मिस्त्री कोरडा पेपर मारायला बसले की तोंडाला दुपट्टा गुंडाळायचे. खोकला मात्र सतत. मी एन-९५ मास्क आणून दिला, कोविडमधले उरले होते. दोन दिवस लावला, तिसऱ्या दिवशी खिशात. "दम कोंडते जी." त्यांचा खोकला कशाने आहे ते डॉक्टरने सांगावं, मी नाही. पण लाकडाचा भुसा माणसात कर्करोग करतो, नाकाचा आणि नाकाच्या पोकळ्यांचा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवून ठेवलंय. आणि पॉलिशवाल्याला भुश्याबरोबर थिनरची वाफही असते. ती ना दुपट्ट्याने अडते ना एन-९५ ने. त्याला कोळशाच्या डबीचा मास्क लागतो. तो आमच्या गावात मिळत नाही.

नमुन्याच्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक वही काढली. शाळेची दोनशे पानी, कडा तेलकट. एका बाजूने रंगांची मापं, कोणत्या घरी अक्रोडी किती, काळा किती. दुसऱ्या बाजूने तारखा, ठिकाण, हजेरी. पानं उलटताना एक घडी केलेलं कात्रण खाली पडलं. मी उचललं. बातमी माझीच होती. "आता प्रत्येक कारागिराच्या हाताला बळ!" खाली माझं नाव.

सप्टेंबर २०२३. सतरा तारखेला, विश्वकर्मा जयंतीला, पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. टूलकिटसाठी १५ हजार, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि नंतर दोन लाखांचं कर्ज. प्रेसनोट आली, मी मथळा दिला, छापून आलं.

"हे कावून ठेवलं?" मी विचारलं.

"घेऊन गेलतो ना जी केंद्रावर. तिथला पोरगा म्हणे, पॉलिशवाला यादीत नाई. सुतार म्हणून भरा, कोण पाहते."

"मग?"

"मी सुतार नाई भाऊ. जिंदगीत रंधा धरला नाई. सुतारानं केलं त्याच्यावर मी हात फिरवतो. खोटं कायले लिहू?"

हे सांगताना आवाजात राग नव्हता. कात्रण परत घडी करून वहीत ठेवलं आणि म्हणाले, "बातमी चांगली लिवली होती तुमी."

मंडळी, पंचवीस वर्षांत मला लोकांनी शिव्या दिल्यात, नोटिसा दिल्यात, एकदा कॉलर धरलीय. त्या एका वाक्याइतकं काही लागलं नाही.

त्या रात्री यादी काढून वाचली. अठरा व्यवसाय आहेत. सुतार आहे, होडी बांधणारा आहे, लोहार, सोनार, कुंभार, चांभार, गवंडी, न्हावी, धोबी, शिंपी, हार गुंफणारा, मासेमारीची जाळी विणणारा, सगळे आहेत आणि असायलाच हवेत. पॉलिशवाला नाही. यादी बातमीच्या दिवशीही उपलब्ध होती. मी ती मोजली नव्हती. "अठरा व्यवसायांना" असं लिहिलं असतं तर बातमी खरी झाली असती. "प्रत्येक" लिहिलं, कारण मथळ्यात बरं बसत होतं. एक माणूस एका सकाळची हजेरी बुडवून त्या "प्रत्येक"वर विश्वास ठेवून गेला आणि परत आला.

त्याच वर्षी, २९ मार्चला, बल्लारपुरातून सागवान अयोध्येला रवाना झालं. केवढी मोठी शोभायात्रा! मीही अर्धं पान लिहिलं. सागाचं वय, रेषा, वाळवी न लागणं. लाकडाबद्दल मला एवढं माहीत होतं. लाकडावर ज्यांचा हात फिरतो त्यांच्याबद्दल एक ओळ सुचली नव्हती.

मग शोधायला बसलो. या माणसाला कोणत्या कागदात जागा आहे? एक सापडली. इमारत व इतर बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा. आपल्या राज्यातल्या कल्याणकारी मंडळाच्या कामांच्या यादीत रंग, वॉर्निश लावणं स्पष्ट येतं. म्हणजे नोंदणी होऊ शकते. सुरक्षा संच, मुलांच्या शिक्षणाला मदत, आजारपणात अर्थसाहाय्य अशा योजना आहेत. अटी दोन मुख्य. वय १८ ते ६०, आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाच्या कामावर असल्याचा दाखला.

वय आधारवर १ जानेवारी १९६६. (आपल्याकडच्या निम्म्या लोकांचा जन्म एक जानेवारीचाच.) म्हणजे दीड वर्ष हातात आहे.

दिवस मोजायला ती वही होती. मागच्या बारा महिन्यांत मिस्त्रींनी १७१ दिवस काम केलंय. मला वाटलं, झालं काम. नाही झालं. कायद्यात तेव्हा एक बारीक कलम होतं. जो माणूस स्वतःच्या राहत्या घराचं काम करून घेई आणि खर्च दहा लाखांच्या वर नसे, तो "आस्थापना" या व्याख्येत येतच नव्हता. म्हणजे माझ्या सैपाकघरात मिस्त्रींनी गाळलेल्या घामाचे दिवस यात धरता येत नाहीत. तुमच्या घरच्या पलंगाचे नाहीत, शेजारच्या देव्हाऱ्याचे नाहीत. धरता येतात ते मोठ्या साइटवरचे. नवीन मंगल कार्यालय, दवाखान्याची इमारत, बंगले. असे वहीत ९६ निघाले.

आता त्यावर ठेकेदाराची सही हवी. तीन ठेकेदारांकडे मिस्त्रींबरोबर मी गेलो. पहिल्याने चहा पाजला आणि वहीवरून टाळा करून ६४ दिवसांच्या दाखल्यावर सही केली. त्याचे आभार, नाव लिहू नको म्हणाला म्हणून लिहीत नाही. दुसऱ्याने "नंतर पाहू" म्हटलं. तिसरा मोकळेपणाने बोलला. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर भरावा लागतो, साइटवर इतके कामगार होते असं लिहून दिलं की उद्या कोणी हिशोब मागेल, म्हणून सही नको. त्याच्या जागी तोही खोटं बोलत नव्हता. मिस्त्री जिना उतरताना म्हणाले, "जाऊ द्या भाऊ. त्याचं काम आपल्याले पुढं बी करायचं हाय." नगरपरिषदेकडूनही दाखल्याची सोय आहे. तिथे आम्ही अर्ज दिलाय.

मी इथे कोणावर चिखल उडवायला बसलेलो नाही. योजनेत अठरा आहेत, एकोणीस व्हावेत अशी मागणी करणारं पत्र मी लिहिलंय, पाठवतोय, सह्या करायच्या असतील तर या. पण त्याला कधी उत्तर येईल ते येईल. माझं म्हणणं आपल्या गावापुरतं आहे.

घरी पॉलिशचं काम काढलं तर माणूस घासायला बसण्याआधी त्याला मास्क द्या, आणि लावायला लावा. जुना ऑइलपेंट ओला करून काढायला सांगा, दोन दिवस जास्त लागले तर लागू द्या. आणि साइट तुमची असेल तर सुतार, पॉलिशवाला, पेंटर, सगळ्यांची हजेरी कागदावर ठेवा.

आमची दारं ३० मे रोजी लागली. सिलेंडरजवळचं दार आता एका बोटाने बंद होतं. चार नंबरचं दार उजेडात नीट पाहिलं तर अजून थोडं गडद दिसतं. मिस्त्री म्हणाले, राहू द्या, तुमाले फोनची आठवण राहील. जाताना मजुरी मोजून घेतली आणि वहीत माझ्या घरचे दिवस लिहिले. ते धरत नाहीत हे आता त्यांनाही माहीत आहे. तरी लिहिले.

६४ झाले. ९० व्हायला २६ उरलेत. मागच्या जूनपासून या जूनपर्यंत आपल्या तालुक्यात ज्यांच्या कोणाच्या साइटवर मिस्त्रींनी काम केलं असेल, त्यांनी मला इनबॉक्समध्ये सांगा. वही घेऊन आम्ही दोघं येतो. तारीख, ठिकाण, सगळं त्यात आहे. तुम्हाला फक्त सही करायची आहे.